परसबाग : चुलीतील राख व आढ्याची काजळी

भल्या सकाळी चूल सारवण्यापूर्वी घरधनीण टोपलीभर राख काढते आणि ती सरळ परसातील वाफ्यांत नेऊन ओतते. ही रीत जुनी आहे, व ती मुळीच निरर्थक नाही. परंतु जामसांवली, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात राख कोठे टाकावी आणि कोठे टाकू नये, याचा विचार अवश्य व्हावयास हवा.

राखेत काय असते ते प्रथम पाहू. लाकडातील नत्र जळताना धुरावाटे निघून जाते. म्हणून राख ही शेणखताची जागा कधीच घेऊ शकत नाही. मागे राहतो तो चुना, थोडे स्फुरद आणि पालाश. लाकडाच्या चांगल्या राखेत पालाश साधारणतः शेकडा 3 ते 7 भाग असतो, आणि चुना त्याहून पुष्कळ अधिक. गोवऱ्यांच्या राखेत मात्र वाळूसारखा निरुपयोगी अंशच फार. पालाश पाण्यात चटकन विरघळतो. तेव्हा पावसात भिजलेल्या उकिरड्यावरील राखेत त्याचा फारसा अंश उरत नाही. राख कोरड्या मडक्यात झाकून ठेवावी.

आता जमिनीकडे वळू. कोकणातील तांबडी माती आंबट. तेथील शेतकरी पालापाचोळा व शेण पसरून राब भाजतात आणि त्याच जागी भाताचे रोप टाकतात; राखेचा चुना तेथे मातीचा आंबटपणा मारतो. आपली काळी कपाशीची जमीन याच्या अगदी उलट. तीत चुना मुळातच भरपूर, बहुधा पालाशही पुरेसा. अशा जमिनीत टोपल्यामागून टोपले राख ओतणे म्हणजे भरल्या पोटी जेवू घालणे होय! चुना वाढला की लोह व जस्त मातीत असूनही मुळांना मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्र्याच्या झाडास हा विकार फार लवकर जडतो, आणि ज्या घराचा वर्षाचा खर्च संत्र्यांवर चालतो त्या घरास तो परवडणारा नाही. म्हणून संत्र्याच्या आळ्यात राख टाकूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मातीची परीक्षा करून घेतली तर अंदाजाने चालावे लागत नाही. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचा सामू लिहिलेला असतो. तो आकडा 7 च्या पुष्कळ खाली असेल तर दहा फूट लांब व दहा फूट रुंद वाफ्यास वर्षातून अर्धा किलो राख पुरे. 7.5 च्या वर असेल तर मातीत राख मिसळूच नये.

मग ती सारी फेकून द्यावी काय? छे! वांगी, दोडका, भोपळा यांच्या पानांवर मावा किंवा लाल भुंगेरे दिसू लागले की दंव असतानाच बारीक चाळलेली राख फडक्यातून हलकेच भुरभुरावी. किडीस ती नकोशी होते. पाऊस पडला वा पाणी शिंपडले की ती धुऊन जाते. पुन्हा भुरभुरावी लागते. नुकत्याच उगवलेल्या रोपांवर मात्र नको, ती करपतात. बियाण्यासाठी ठेवलेल्या तुरी-हरभऱ्यात कोरडी राख मिसळली असता भुंगा आवरतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. अमोनियम सल्फेट किंवा डीएपी यांच्याशी राख कालवू नये; त्यांतील नत्र वायू होऊन उडून जाते व पैसे वाया जातात.

राहिली काजळी. विलायतेतील माळी धुराड्यातील कोळशाची काजळी महिनोन्‌महिने मुरवून खत म्हणून वापरीत, कारण तीत थोडे नत्र असे. पण त्याच विलायतेत 1775 साली पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने धुराडी झाडणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, आणि पुढील शोधांनी ते खरे ठरविले. तेव्हा आढ्याची काजळी झाडताना नाकातोंडास पदर बांधावा आणि ती पालेभाजीपासून दूर खड्ड्यात पुरावी. परासियाकडील खाणींच्या दगडी कोळशाची राखही भाजीत नको, तीत जड धातूंचे अंश असतात. आणि चूल पेटविण्यासाठी प्लास्टिकच्या पिशव्या घालण्याची जी नवी खोड लागली आहे, तिने चुलीची चांगली राखही बिघडते. अशी राख भांडी घासण्यासही घेऊ नये. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या किंवा बाभळीचे लाकूड जळले असेल, तीच राख मडक्यात भरावी.