झाडावरचा कोळी: कोणता निवडावा?

कोळी म्हटला की डोळ्यांपुढे जाळे उभे राहते. खाडीकाठच्या नेरूळमध्ये तर या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक कोळी जाळे टाकून मासे धरतो, दुसरा जाळे विणून माश्या धरतो. परंतु कोळ्यांमध्ये असेही एक कुळ आहे, की जे चाकासारखे जाळे मुळीच विणीत नाही. मोठ्या अंगाच्या, केसाळ कोळ्यांचे हे कुळ म्हणजे टॅरँट्युला. त्यांतील बहुतेक जाती जमिनीत बीळ करून राहतात. काही मात्र झाडावर राहतात.

हे कोळी काचेच्या पेटीत पाळण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत बराच रुजला आहे आणि आता तो आपल्याकडेही पोहोचला आहे. ज्याच्याजवळ जमिनीवरचे दोनचार कोळी आहेत, त्याला पुढचा प्रश्न पडतो: आता झाडावरची कोणती जात घ्यावी? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. निवड करावयाची तर प्रत्येक जातीची माहिती हवी, आणि माहिती मिळवू लागलो म्हणजे आपण विज्ञानाच्या दारात उभे राहतो. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, आपणही हे उमेदवार क्रमाने तपासून पाहू.

पहिला उमेदवार दक्षिण अमेरिकेतला. त्याचे नाव ॲव्हिक्युलॅरिया. पायांची टोके गुलाबी असल्याने तो ओळखू येतो. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने सुरिनाममध्ये राहून तेथील कीटकांची चित्रे काढली व १७०५ साली ती ग्रंथरूपाने छापली. त्यातील एका चित्रात पेरूच्या झाडावर एक मोठा कोळी चिमुकला पक्षी खाताना दाखविला आहे. या चित्रावरूनच पुढे अशा कोळ्यांना ‘पक्षी खाणारे’ हे नाव चिकटले. वास्तविक त्यांचे रोजचे खाणे म्हणजे कीटक. स्वभावाने हा कोळी त्यातल्या त्यात शांत, म्हणून नवशिक्यांना तोच सुचविला जातो. परंतु तो आपल्याकडचा नव्हे. तो येथे यावयाचा तर समुद्रापलीकडून यावयाचा.

दुसरा उमेदवार आपल्याच देशातला, आणि जगातील अत्यंत देखण्या कोळ्यांपैकी एक. त्याचे नाव पोएसिलोथेरिया मेटॅलिका. रेजिनल्ड पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे वर्णन केले. त्यासाठी त्याच्याजवळ असलेला नमुना आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडला होता. त्यानंतर १०२ वर्षे हा कोळी कोणाला दिसला नाही! अखेर २००१ साली तो नंद्याल आणि गिद्दलूर यांमधील पानझडी जंगलात पुन्हा सापडला. ही जागा गुत्तीपासून सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. म्हणजे पोकॉकचा कोळी बहुधा तोडलेल्या लाकडातून आगगाडीने गुत्तीला आला असावा. त्याची माहीत असलेली सारी वस्ती १०० चौरस किलोमीटरहून लहान क्षेत्रात आहे. २००८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरविले.

याचा निळा रंग कोठून येतो? रंगद्रव्यातून नव्हे. त्याच्या केसांची अतिसूक्ष्म रचनाच अशी असते, की तीवर पडलेल्या प्रकाशातील निळा भाग विशेष करून परावर्तित होतो. मोराच्या पिसाऱ्यातील रंगही अशाच रीतीने उत्पन्न होतात.

तिसरा उमेदवार म्हणजे आपल्या सह्याद्रीत राहणारा पोएसिलोथेरिया रिगॅलिस. अंगावर राखी, पांढरी व काळी नक्षी असते. झाडाच्या सालीवर तो स्वस्थ बसला, की हातभर अंतरावरूनही दिसत नाही. डिवचला तर मात्र पुढचे पाय उचलतो, आणि पायांच्या खालच्या बाजूचा पिवळाजर्द रंग एकदम उघडा पडतो. जणू तो बजावतो, ‘दूर राहा!’ पोएसिलोथेरिया ही प्रजाती जगात फक्त भारत व श्रीलंका या दोनच देशांत आढळते.

आता या कोळ्याला लागते काय, ते पाहू. तो झाडाच्या ढोलीत किंवा सुटलेल्या सालीखाली राहतो. घर अरुंद, म्हणून त्याचे अंगही चपटे. दिवसा तो आत दडून राहतो व रात्री ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो. डोळे आठ, पण नजर अधू. भक्ष्य जवळ आल्याचे त्याला कळते ते सालीला बसणाऱ्या हादऱ्यांवरून. पायांच्या तळव्यांवर सूक्ष्म केसांचे दाट झुपके असतात. त्यांच्या जोरावर तो उभ्या काचेवरही सहज चढतो. एकाच ढोलीत आई व तिची पिल्ले काही काळ एकत्र राहतात. कोळ्यांच्या जगात ही गोष्ट विरळाच.

एवढी माहिती झाल्यावर निवडीकडे वळू. पाळणाऱ्यांची बाजू आधी ऐकली पाहिजे. ते म्हणतात, ‘आम्ही पाळले म्हणून तर या कोळ्यांचे आयुष्य कळले. मादी दहा वर्षांहून अधिक जगते, नर वयात आल्यावर थोड्याच काळात मरतो, कात किती वेळा टाकली जाते, हे सारे पेटीत पाहूनच समजले. आणि आम्ही पिल्ले वाढविली, तर रानातून कोणी कोळी कशाला पकडील?’ हे म्हणणे अगदीच खोटे नाही. निळ्या कोळ्याची परदेशात पाळीव पैदास होते, हेही खरे.

तरीसुद्धा माझे मत असे आहे, की तिघांपैकी एकही उमेदवार आपण निवडू नये. त्याची कारणे सांगतो.

पहिले कारण मुळाचे. बाटलीतल्या पिल्लाकडे पाहून ते पेटीत जन्मले की ढोलीतून काढले, हे कोणालाही सांगता येत नाही. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेले एक पार्सल उघडले. कापसात व चकचकीत वर्खात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या लहान कुप्यांत १०७ जिवंत कोळी निघाले! ते पोलंडला परत धाडावे लागले. असा माल कोठून येतो आणि त्यातला कितीसा वाटेत मरतो, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही. ज्या जातीची सारी वस्ती एका लहानशा जंगलात आहे, तिची एक मादी उचलली तर तिच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या पिल्लांनाही आपण उचलले, असे होते.

दुसरे कारण कायद्याचे. २०१९ साली जिनिव्हाच्या परिषदेत पोएसिलोथेरिया ही सबंध प्रजाती वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, म्हणजे ‘साइटीस’च्या, दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आली. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही २०२२ साली दुरुस्ती होऊन या कराराची कलमे आली. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यातून तर कोळीच काय, कोणताही वन्य प्राणी उचलून आणणे हा गुन्हा आहे.

तिसरे कारण अंगाला झोंबणारे आहे. अमेरिकेतील पुष्कळ टॅरँट्युला पोटावरचे खाजरे केस वापरून शत्रूला दूर ठेवतात. आपल्याकडील जातींना हे शस्त्र नाही. त्यांची सारी भिस्त चपळाई व विष यांवर. पोएसिलोथेरियाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. परंतु स्नायूंना जबर पेटके येतात व ते काही दिवस टिकू शकतात. त्यावर प्रतिविष नाही. काचेवर चढणारा असा कोळी सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर पेटीतून निसटला, तर शेजारी काय करतील? ते चप्पल हाती घेतील, आणि पुढे दिसेल त्या निरुपद्रवी कोळ्यालाही तीच शिक्षा देतील.

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पेटीत कोळी राहतो, पण त्याची ढोली राहत नाही. आणि या प्राण्याचे खरे संकट ढोलीचे आहे. ढोली तयार व्हावयास झाड जुने व्हावे लागते. फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते, आतले लाकूड हळूहळू कुजते. याला कित्येक वर्षे लागतात. जंगल तुटले व त्या जागी नवी झाडे लावली, तरी ढोल्या काही लावता येत नाहीत.

नेरूळचेच पाहा. सिडकोची स्थापना १९७० सालची. म्हणजे या नियोजित नगरातील रस्त्यांकडेची झाडे फार तर अर्ध्या शतकाची. ती आता कोठे ढोल्या धरण्याच्या वयात येत आहेत, आणि नेमकी याच वयात ‘पोकळ झाले, धोक्याचे’ म्हणून त्यांच्यावर कुऱ्हाड पडू शकते. पोकळ झाड मेलेले असते, हा समज चुकीचा आहे. खोडाच्या गाभ्यातील लाकूड पाणी वाहून नेत नाही. ते काम बाहेरचा जिवंत थर करतो. म्हणून गाभा गेलेले झाडही वर्षानुवर्षे पालवते. रस्त्यावर कलंडणाऱ्या झाडाची व्यवस्था केलीच पाहिजे. पण आधी जाणकाराकडून तपासणी व्हावी, आणि फांदी छाटून भागत असेल तेथे खोड राखावे. महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणून विशेष स्थान मिळाले. नेरूळची पहिली झाडे लवकरच या उंबरठ्यावर येतील.

रस्त्याकडेच्या ढोलीत उद्या टॅरँट्युला येईल, असे मी म्हणत नाही. तेथे तांबट येईल, पोपट येईल, पिंगळा येईल, पाल येईल. माथेरान-कर्नाळ्याच्या जुन्या झाडांचे मोल समजावयाचे, तर आपल्या दारचे जुने झाड आधी ओळखीचे हवे.

आणि झाडावरचा कोळीच हवा असेल, तर तोही दारात आहे. हर्सिलिया, म्हणजेच दोन शेपट्यांचा कोळी, मुंबई परिसरात झाडांच्या खोडांवर सर्रास आढळतो. सालीच्या रंगाचा, चपटा, डोके बहुधा खाली करून बसलेला. त्या ‘शेपट्या’ म्हणजे धागा काढणारे लांब अवयव. कीटक जवळ आला, की हा कोळी त्याच्याभोवती झपाझप फेऱ्या मारतो व बघता बघता त्याला धाग्यांनी खोडाशी जखडून टाकतो. हे दृश्य कोणत्याही विकतच्या कोळ्याहून कमी नाही, आणि त्याला ना पेटी लागते ना परवाना.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. शाळेच्या आवारातील व समोरच्या रस्त्यावरील प्रत्येक मोठ्या झाडाची एक वही करावी. झाडाचे नाव, छातीच्या उंचीवरचा घेर, ढोल्या किती, त्यांची उंची व दिशा, आत-बाहेर करणारे प्राणी, खोडावरचे कोळी, हे सारे महिन्यातून एकदा लिहावे. ढोलीत काडी किंवा बोट घालू नये. सायंकाळी दुरून पाहावे. वर्गाने ही वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. दहा वर्षांनी कोणी ‘हे झाड कशाला ठेवावयाचे?’ असे विचारू लागला, तर महापालिकेपुढे ठेवण्यासाठी शाळेजवळ दहा वर्षांचा पुरावा असेल.