झाडतोडीचा हंगाम ठरवून देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया

विषय : रस्ते व तलावकाठची परवानगीप्राप्त झाडे 15 नोव्हेंबर ते 31 जानेवारी या काळातच तोडण्याची अट घालणे.

महोदय,

विकासकामासाठी काही झाडे जाणार, हे आम्ही मान्य करतो. पण झाड कोणत्या महिन्यात पडते, यावर त्याच्यासोबत काय काय मरते हे ठरते. आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, पाळीवरच्या आणि गावालगतच्या मोठ्या झाडांवर बगळे, पाणकावळे, मुग्धबलाक वसाहत करून घरटी बांधतात. सप्टेंबर 2022 मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंदीकरणासाठी असेच एक झाड पाडले गेले आणि उडता न येणारी पिल्ले रस्त्यावर आपटून मेली. उन्हाळाही मोकळा नाही. राखी धनेशाची मादी याच दिवसांत ढोलीत स्वतःला लिंपून घेते. तेव्हा झाड तोडले तर आई आणि पिल्ले एकदमच जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना धक्का लावणे शिकारीच्या व्याख्येत येते. माणसांचेही नुकसान आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि जूनच्या सुमारास मोहाच्या बिया वेचून कित्येक घरे चार पैसे मिळवतात. फेब्रुवारीत मोह पाडणे म्हणजे हातातोंडाशी आलेला हंगाम हिरावणे होय.

उरतो तो हिवाळा. तेव्हा पाणपक्ष्यांची पिल्ले उडालेली असतात, धान निघालेले असल्याने बांधावर ओंडके ओढता येतात आणि भरपाईच्या लागवडीसाठी पहिल्या पावसापर्यंत खड्डे तयार ठेवता येतात. वनविभागाच्या कूपांतली तोडही पावसाळ्यानंतरच सुरू होते, म्हणजे ही शिस्त नवी नाही. घुबडे आणि काही शिकारी पक्षी हिवाळ्यातच घरटी करतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून केवळ तारीख पुरेशी नाही. तोडीच्या आधी वनकर्मचाऱ्याने प्रत्येक झाडाची ढोली व शेंडा पाहून लेखी पंचनामा करावा आणि घरटे आढळल्यास ते झाड पिल्ले उडेपर्यंत राखावे.

कामे रखडतील, असे म्हटले जाईल. परंतु रस्त्याची आखणी, भूसंपादन आणि निविदा यांना बराच काळ लागतो. त्या वेळापत्रकात अडीच महिने आधीच राखून ठेवणे अवघड नाही. धोकादायक झाडाला अर्थातच मुहूर्त नसतो. त्यासाठी सूट असावी, मात्र धोका कोणता हे छायाचित्रासह नोंदवावे आणि फांदी छाटून भागत असेल तर बुंधा तोडू नये. अन्यथा सारीच झाडे धोकादायक ठरतील, ही आमची भीती आहे.

ही अट प्रत्येक परवानगीपत्रात व निविदेत लिहावी, मुदतीबाहेर तोडणाऱ्या ठेकेदाराचे देयक रोखावे आणि येत्या 15 नोव्हेंबरपूर्वी तसे परिपत्रक सार्वजनिक बांधकाम विभाग, नगरपरिषदा व ग्रामपंचायतींना पाठवावे, ही आग्रहाची मागणी.

आपले,
गोंदिया जिल्ह्यातील नागरिक

प्रत : उपवनसंरक्षक, गोंदिया