असर्शनाची साक्ष आणि कर्नलचा दंड

ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नल प्रौढ झाले की त्यातील असर्शने, म्हणजे प्रोग्रामरने मनात धरलेले गृहीत खरे आहे का हे तपासणाऱ्या ओळी, काढून टाकावीत, कारण ती केवळ बांधकामापुरती परांची होत, असे मानणारा एक पक्ष आहे. आणि असर्शन खोटे ठरताच यंत्र तत्काळ थांबलेच पाहिजे, कारण बिघडलेले कर्नल डिस्कवरील दफ्तरही नासवील, असे मानणारा दुसरा. दोहोंच्या मुळाशी असलेली चिंता खरी आहे. तथापि गृहीत मोडल्याची साक्ष आणि त्याबद्दलचा दंड या दोन भिन्न गोष्टींची गल्लत दोन्ही पक्ष करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या पक्षाचा आधार खर्चाचा आहे. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असर्शने चालू करणारा ‘इनव्हेरियंट्स’ हा पर्याय विकासशाखेत चालू आणि प्रकाशित आवृत्तीत बंद ठेवण्याची वहिवाट आहे, व महागड्या तपासण्यांपुरती ती रास्तही आहे. परंतु गृहीत मोडल्यास केवळ इशारा नोंदवणाऱ्या, लिनक्समधील साध्या ‘वॉर्न_ऑन’चा नित्याचा खर्च बहुधा एका तुलनेपलीकडे जात नाही. शिवाय वयाने कर्नल स्थिर होत नाही: ज्याने एखादे गृहीत मनात धरून फंक्शन लिहिले तो निघून जातो, आणि नवा हात तेच फंक्शन निराळ्या वाटेने बोलावतो. ‘बोलावणाऱ्याने लॉक घेतलेला असावा’ ही कॉमेंट त्याला अडवीत नाही. २००६ साली लिनक्समध्ये आलेल्या, लॉकांचा वापर तपासणाऱ्या लॉकडेपच्या आधारे लिहिलेली ‘लॉकडेप_असर्ट_हेल्ड’ ही एक ओळ मात्र चाचणीतच त्याची चूक पकडते.

दुसऱ्या पक्षाला ऑक्टोबर २०१६ मध्ये उत्तर मिळाले. लिनक्स ४.८ च्या प्रकाशनाच्या तोंडावर स्वीकारलेल्या बदलांत मेमरी-पानांच्या मोजणीचा हिशेब तपासणारे ‘बग_ऑन’ जातीचे, म्हणजे मोडताच अंमल थांबवणारे, असर्शन होते. ते खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याच यंत्रावर मोडले, आणि मोजणीतील एका चुकीपायी संपूर्ण कर्नल गतप्राण झाले. टोरवाल्ड्स यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. अशा मृत्यूत पुष्कळदा लॉगही डिस्कपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे ज्या पुराव्यासाठी असर्शन लिहिले, तोच हातचा जातो.

म्हणून साक्ष कायम राहावी, दंड सौम्य व्हावा आणि तपासणी शक्य तितकी अगोदर व्हावी. रचनांच्या आकाराविषयीचे गृहीत ‘बिल्ड_बग_ऑन’ने कंपाइल होतानाच तपासावे, ‘अशक्य’ वाटणारी अवस्था उद्भवलीच, तर ‘वॉर्न_ऑन_वन्स’ने तिची नोंद करून फंक्शनने एरर परत करावी, आणि थांबणेच ज्याला इष्ट, त्याने इशारा येताच यंत्र थांबवणारे ‘पॅनिक_ऑन_वॉर्न’ चालू करावे, कारण तो निर्णय यंत्राच्या धन्याचा आहे. लिनक्सचे अधिकृत दस्तऐवजही आज नव्या लेखनात ‘बग_ऑन’ वर्ज्य मानतात.

तरुण प्रोग्रामरांना माझी विनंती एवढीच, की जुने असर्शन पुसण्यापूर्वी ते कोणत्या गृहीताचे रक्षण करते याचा शोध घ्यावा, आणि उत्तर हाती येईपर्यंत त्या ओळीला हात लावू नये.