खेळण्याला ब्रेक कशाला?

मंडळी, मी वाफेवर चालणारी छोटी इंजिनं बनवतो हे एव्हाना सगळ्या नातेवाइकांना माहीत झालंय. पण आता त्याला वाफेचाच ब्रेक बसवतोय म्हटल्यावर नाशिकच्या काकांनी फोनवर विचारलं, "अरे, खेळण्याला ब्रेक कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाच इंची गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर 127 मिलिमीटर. इंजिन साधारण 50 किलोचं. आत खरा कोळसा, खरी वाफ. मागच्या ट्रॉल्यांवर चालवणारा आणि पाच-सहा माणसं, त्यात बहुतेक पोरंटोरं. म्हणजे मागे सहज 400 किलो! हे "खेळणं" ताशी 10 किलोमीटरने धावतं तेव्हा ते खेळणं राहत नाही.

वाफेचा ब्रेक तसा सोपा. बॉयलरची वाफ एका छोट्या सिलिंडरमध्ये सोडायची, पिस्टन तरफ ओढतो, ठोकळे चाकांवर दाबले जातात. वाफ बाहेर सोडली की स्प्रिंग सगळं परत जागेवर आणते. 20 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन साडेपाच किलो दाबाला 17 किलोच्या आसपास जोर देतो, तरफेने तो दुप्पट करता येतो. गंमत पुढे आहे. सिलिंडर थंड असला की पहिली वाफ आत जाऊन चक्क पाणी होते आणि ब्रेक लागायला उशीर होतो. म्हणून सिलिंडर किंचित उतरता बसवायचा, तळाला पाणी निघायला वाट ठेवायची आणि गाडी हलवण्याआधी चार-पाच वेळा ब्रेक लावून तो तापवून घ्यायचा. शिवाय ही वाफ थेट बॉयलरमधून येते, तिच्यात तेल नसतं. महिनाभर इंजिन पडून राहिलं की पिस्टन रुसतो. दिवस संपला की दोन थेंब तेल घालावंच.

आता माझं मत. क्लबातले बरेच जुने लोक म्हणतात, वाफेचा ब्रेक म्हणजे नुसता दागिना. मला ते पटत नाही. स्टेशनात इंजिन जागेवर धरायला, एकटं इंजिन मागेपुढे करायला तो झकास आहे. पण त्याच्या भरवशावर माणसं बसवायची? अजिबात नाही. हिशेब करा ना. कोरड्या रुळावर 50 किलोच्या इंजिनाची चाकं फार तर 10 किलोची पकड देतात. ब्रेक कितीही जोरात दाबा, त्यापुढे चाकं नुसती घसरणार (आणि घासून चपटी होणार ते वेगळंच). तेवढ्या पकडीवर एकूण 450 किलो थांबवायला सपाटीवर 17-18 मीटर लागतात. शंभरात एक असा उतार असेल तर तीस मीटरच्या वर. आणि रूळ ओले असतील तर विचारूच नका. वजन ट्रॉलीवर आहे, तर ब्रेकही ट्रॉलीला हवा. इतकं साधं आहे हे.

तोही आपोआप लागणारा हवा. 12 जून 1889 ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीची गाडी चढावर अडली, म्हणून डबे मधून सोडले. व्हॅक्यूम ब्रेक इंजिनापासून तुटला की निकामी होणारा होता. मागचे डबे उतारावरून घसरत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. वाफेच्या ब्रेकची गत तीच आहे, बॉयलरचा दाब गेला की ब्रेकही गेला.

माझ्या ट्रॉलीचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि व्हॅक्यूम असेपर्यंतच सुटलेला राहतो. नळी निसटली की गाडी उभी. क्लबातल्या प्रत्येक ट्रॉलीला हे सक्तीचं करा असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. खर्चाचं कारण पुढे येईल... येऊ दे. इंजिनाला पितळी शिट्टी घ्यायला पैसे असतात ना?