तुरुंगात गाणं कशाला?

तुरुंगात गाण्याचा कार्यक्रम झाला अशी बातमी आली की खाली कमेंट ठरलेल्या असतात. "आता एसी पण बसवून द्या." "आमच्या टॅक्सवर यांची मजा." असं लिहिणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याला हे जखमेवर मीठ वाटणारच. तरी माझं मत वेगळं आहे.

एक जुनं उदाहरण बघा. १३ जानेवारी १९६८, कॅलिफोर्नियातला फॉल्सम तुरुंग. गायक जॉनी कॅश कैद्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये गायला. फॉल्समवरचं त्याचं गाणं १९५५ मध्येच रेकॉर्ड झालेलं. त्यात कैदी खुनाची कबुली देतो. रेकॉर्डवर त्या ओळीला जोरदार आरोळी ऐकू येते. ती आरोळी नंतर स्टुडिओत जोडलेली आहे! पहारेकरी समोर उभे असताना खुनाला दाद द्यायला कैदी काय खुळे होते? ती आरोळी बाहेरच्यांना हवी होती. कैदी म्हणजे जनावर, हे चित्र आपल्याला सोयीचं पडतं.

त्याच दिवशी कॅशने तिथल्याच एका कैद्याचं, ग्लेन शर्लीचं गाणं गायलं. शर्ली पुढेच बसला होता. १९७१ मध्ये तो सुटला, कॅशने त्याला आपल्या कार्यक्रमात घेतलं. १९७२ मध्ये दोघांनी सिनेटच्या समितीपुढे तुरुंग सुधारणेवर साक्षही दिली. पण बाहेरचं जग शर्लीला झेपलं नाही. १९७८ मध्ये त्याने जीव दिला. उलट सॅन क्वेंटिन तुरुंगात कैदी म्हणून कॅशला ऐकणारा मर्ल हॅगर्ड पुढे स्वतः मोठा गायक झाला.

म्हणजे गाणं ऐकलं की माणूस सुधारतो, असं काही नाही. गाण्याने एवढंच होतं की नंबराच्या जागी तासभर माणूस दिसतो. पुढचं काम गाण्याचं नाही, आपलं आहे.

आणि हे आपल्याला नवीन थोडंच आहे? औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. त्यातली प्रार्थना आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत हात जोडून म्हटलीय. सहा खुन्यांच्या गोष्टीतली प्रार्थना आपल्या पोरांना चालते, मग कैद्यांनी गायलेलं का खुपतं?

आज देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. अशांसमोर आपण काय करतो? १५ ऑगस्टला ऑर्केस्ट्रा, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, अर्धा तास उपदेश, ग्रुप फोटो. कैदी मांडी घालून टाळ्या वाजवायला.

माझं म्हणणं साधं आहे. पाहुण्यांचं भाषण कमी करा. पेटी, ढोलकी, माइक त्यांच्या हातात द्या. ते लिहितील ते ऐका, मग ते कानाला गोड लागो न लागो. आणि सुटून आल्यावर त्यातल्या एखाद्याला आपल्या गल्लीत खोली, दुकानात काम द्यायची तयारी ठेवा.

ती तयारी आहे का आपली? खाली मोकळेपणाने लिहा. विरोध असेल तरी चालेल, पण कारण सांगा.