स्कॅनर कुणाच्या हातात?

कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर रात्री अकरानंतर तासभर उभं राहून बघा. न्हावा-शेव्याहून निघालेला चाळीस फुटी ट्रेलर कडेला बंद पडलेला असतो. ड्रायव्हर फोन लावतो आणि अर्ध्या-पाऊण तासात कंप्रेसर, जॅक, पान्यांची पेटी घेऊन छोटी गाडी येते. पुढच्या सीटवरून मिस्त्री उतरतो. मागून, सामानाच्या मधून, हेल्पर पोरं उतरतात आणि थेट ट्रेलरखाली शिरतात. त्यात उत्तर प्रदेश-बिहारचे मुसलमान आहेत, आणि आपल्या वस्त्यांतली पोरंही आहेत. माझ्या ओळखीचीच सात-आठ आहेत.

या पोरांबद्दल आपल्या चळवळीत दोन प्रकारची भाषणं चालतात. पहिलं : बाबासाहेबांनी शिका म्हटलं आणि ही ग्रीसमध्ये हात घालून बसली. दुसरं : नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा. दोन्ही भाषणं करणाऱ्यांनी कधी ट्रेलरचा पाटा बदलताना पाहिलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो.

पहिल्या भाषणाचं बघू. ही पोरं शिकलेली नाहीत असं कोण म्हणतं? त्यातला एक आयटीआयचा डिझेल मेकॅनिक आहे, पास होऊन चार वर्षं झाली. आवाज ऐकून हवा कुठल्या पाइपातून गळतेय ते अंधारात सांगतो. तरीही तो हेल्परच. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. आता इंजिनात सेन्सर, धुरासाठी युरियाची वेगळी टाकी, आणि बिघाड शोधायला लॅपटॉपला जोडायचा स्कॅनर. पैसा तिथे आहे. कंपनीच्या ट्रेनिंगला कोण जातो? सेठचा भाचा. स्कॅनर गाडीच्या पुढच्या सीटवर त्याच्या मांडीवर असतो. आयटीआयवाल्याला तो हातात घेऊ देत नाहीत; का, तर महागाचं यंत्र आहे, बिघडेल.

हे कारण आपल्या आज्यापणज्यांनी वेगळ्या शब्दांत ऐकलं आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथेच अस्पृश्य कामगाराला बंदी होती, कारण तुटलेला धागा जोडताना तोंड लावावं लागे. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी सांगितलं की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. पोर्टरसुद्धा होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं. आज कुणी तोंडावर जात काढत नाही, हा फरक मी मान्य करतो. पण कामाची वाटणी बघा. पाठ जमिनीला टेकवून करायचं काम वस्तीकडे, आणि शिकल्यावर पगार वाढतो ते काम नात्यात. बाबासाहेब जातीला श्रमिकांची विभागणी म्हणत होते. ती एका गाडीच्या दोन सीटांमध्ये दिसते.

आता दुसरं भाषण, मालक व्हा. व्हावंच, माझा विरोध नाही. पण कसं? अनुसूचित जातींसाठी 2016 साली स्टँड-अप इंडिया आली, तिचं कर्ज सुरूच दहा लाखांपासून व्हायचं. जुना टेम्पो, कंप्रेसर, हत्यारं यांचा हिशोब त्याच्या आत बसतो. मग मुद्रा. मुद्रासाठी आमची दोन पोरं बँकेत गेली तर साहेबांनी दुकानाचा पत्ता मागितला. अहो, धंदाच फिरता आहे! गाडी जाईल तिथे दुकान. दुसऱ्यांदा मी बरोबर गेलो, तेव्हा अर्ज निदान घेतला. त्याला पाच महिने झाले.

पण मला हे लिहायला लावलं ते मागच्या पावसाळ्यातल्या एका रात्रीनं. जुन्या पद्धतीच्या चाकाला लोखंडी लॉक रिंग असते. ती नीट बसली नसेल आणि तशीच हवा भरली तर गोळीसारखी उडते. म्हणून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची असते. फिरत्या गाडीत पिंजरा कोण नेतो? वीस वर्षांच्या पोराचा उजवा हात कोपराखाली मोडला. सेठनं पहिल्या रात्रीचं बिल भरलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, हा माझा माणूसच नाही, पोरांबरोबर फिरायला येतो.

कामावर जखमी झालेल्याला भरपाईची तरतूद या देशात 1923 पासून आहे. दहा माणसांच्या खालच्या गॅरेजला ईएसआय सहसा लागू नसतो, पण भरपाई चुकत नाही. अडतं ते पुराव्यावर. हजेरीपट नाही, पगार रोख. त्याची आई मला म्हणाली, ‘‘दादा, तो तिथं कामाला होता हे आख्ख्या वस्तीला माहीत आहे.’’ वस्तीची साक्ष कितपत टिकेल याची मला शंका होती.

मग त्या पोराचा मोबाईल उघडला. सेठनं रात्री-अपरात्री पाठवलेली लोकेशन त्यात होती. तळोजा, जेएनपीटी रोड, पनवेल बायपास. चौदा महिन्यांची, तारीख-वेळेसह. ‘‘लवकर पोच’’ असे आवाजी निरोपही. हाच हजेरीपट. त्याच्यावर आम्ही अर्ज केला आहे, सुनावणी चालू आहे.

जयंतीच्या वर्गणीला हीच पोरं सगळ्यात आधी पैसे काढतात. त्या वर्गणीतून एक जुना स्कॅनर घ्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न मी आमच्या मंडळात टाकला तर दोघे हसले. डीजेचं बुकिंग मात्र डिसेंबरातच झालं होतं.

तुमच्या भागात, भिवंडीत, चाकणला, वाघोलीला, अशी पोरं असतील तर या आठवड्यात एक करा. त्यांना विहारात बोलवा, प्रत्येकाच्या मोबाईलमधली लोकेशन आणि आवाजी निरोप दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उतरवून ठेवा. फोन हरवतो, फुटतो, आणि भांडण झालं की सेठ सगळ्यात आधी तोच मागतो.