भेंडीबाजारचे मनोरे
गतांकातील पत्रलेखकांनी मुंबईच्या भेंडीबाजारातील नव्या मनोऱ्यांमुळे जुन्या वस्तीचा घात होईल असे प्रतिपादिले आहे. परंतु त्या वस्तीतली खाली दुकान व माडीवर बिऱ्हाड ही रचना परकी नसून, आमच्या दिग्रसच्या पेठेत दोर धरून काळोखा जिना चढणाऱ्यास ती पुरती परिचित आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक जीव गेले, आणि हे मनोरे उभारणाऱ्या सैफी बुऱ्हाणी न्यासाने सुमारे ३,२०० कुटुंबांस त्याच जागी मालकीची घरे विनामूल्य देण्याचे योजिले आहे, या दोन्ही बाबी पत्रात मुळीच नाहीत. पत्रलेखकांच्या दाखल्यातील जपानच्या क्योटो शहराने २००७ साली मध्यवर्ती भागातील उंचीची मर्यादा ३१ मीटरांवर आणली, हे स्तुत्य खरे. मात्र मोडक्या तुळईखाली निजणाऱ्यांस तो दाखला देण्यापूर्वी पत्रलेखकांनी त्या भाडेकरूंची एकवार भेट घ्यावी, ही विनंती.

— एक वाचक, दिग्रस (जि. यवतमाळ)